दगडी शिडी, नग दोन

इसमाचे नाव : गेणबा नथू वाळंज. राहणार : चाफेवाडी, माले गावाच्या वरच्या अंगास, पेटा मुळशी, जिल्हा पुणे. वय : अंदाजे अठ्ठावन्न (इसमाच्या सांगण्यावरून, इसमाच्या बायकोच्या सांगण्यावरून एकसष्ट). धंदा : गवंडी. शिक्षण : नाही. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्यास नख नाही. स्थावर मालमत्ता : आहे; सध्या पाण्याखाली. कामाचा दर्जा : साधारण. शेरा : सदर इसम नकाशात नसलेले काम करतो व विचारले असता उत्तर देत नाही.

हे वर्णन छप्पन सालचं. चाफेवाडीत दोन खोल्यांची शाळा बांधायला घेतली, तेव्हा बांधकाम कचेरीच्या कुणा कारकुनानं ते हजेरीबुकात लिहून ठेवलं. त्यातला कामाचा दर्जा साफ चुकलेला आहे आणि शेरा अर्धाच खरा आहे. गेणबा उत्तर द्यायचा. लगेच द्यायचा नाही, इतकंच. एका प्रश्नाचं उत्तर यायला दहा वर्षं लागली, पण आलं ते दगडात आलं.

आधी पाण्याखालच्या मालमत्तेचं सांगायला हवं, कारण सगळ्याचा पाया तिथं आहे.

गेणबाचा बाप नथू हाही गवंडी. जुन्या गावात त्यानं स्वतःचं घर बांधलं ते काळ्या दगडात, चुन्यात. थोरल्या मुलासाठी खोली झाली. धाकट्या गेणबाचं लग्न व्हायचं होतं, म्हणून त्याच्या खोलीसाठी नथूनं पश्चिमेच्या कोपऱ्यावर दात सोडून ठेवले. पुढं कधी भिंत वाढवायची असली की जाणता गवंडी भिंतीचं टोक सपाट संपवत नाही. एका थराचा दगड आत, वरच्या थराचा वीतभर बाहेर, असं करत करत जोत्यापासून वळचणीपर्यंत जातो. या बाहेर आलेल्या दगडांना दात म्हणतात. नवी भिंत आली की तिचे दगड या दातांमधे बसतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे. दात न सोडता भिंतीला नुसती भिंत चिकटवली तरी ती चिकटते, एका पावसाळ्यापुरती. दुसऱ्या पावसाळ्यात सांध्यातून पाणी आत येतं आणि घरातली माणसं गवंड्याच्या आईबापांची नावं घेतात.

गेणबाचं लग्न झालं. सगुणाबाई घरात आली. तिच्या खोलीच्या जागी मात्र धरणाचं पाणी आलं. गाव उठलं आणि वाळंज चाफेवाडीत डोंगराच्या उतारावर येऊन राहिले. दर वर्षी वैशाखात पाणी ओसरलं की जुन्या गावच्या भिंती गाळातून वर येतात. गेणबा न चुकता जायचा. चिखलातून चालत बापाच्या भिंतीपाशी पोचायचा, दगडावर बोटांची पेरं वाजवून बघायचा, "चुना धरून हाय" एवढं स्वतःशी म्हणायचा आणि परत यायचा. कोपऱ्यावरचे दात तसेच असायचे, कुणाचा हात पुढं येण्याची वाट बघत.

चाफेवाडीनं यातून एक म्हण काढली. गाय गाभण नसताना खरवसाचं भांडं घासून ठेवणाऱ्याला, मुलगी बघायच्या आधी मांडवाच्या मेढी तोडून आणणाऱ्याला वाडीत म्हणत, "ह्ये बगा वाळंजाचं दात." म्हण चांगली होती. गेणबालाही आवडायची नाही, इतकी चांगली.

छप्पन साली शाळा मंजूर झाली. तोवर ती कुशाबा पाटलांच्या पडवीत भरत होती आणि पावसाळ्यात पाटलांच्या म्हशींशी जागेवरून तिचा तंटा होता. नकाशा पुण्याहून आला. पटावर एकोणतीस मुलं, सबब खोल्या दोन. हिशेब बिनचूक होता. कचेरीला पटावरची मुलं दिसत होती, आणि पटावर एकोणतीसच होती.

गेणबाची मोजायची रीत निराळी. काम हातात आल्यावर पहिले दोन दिवस त्यानं थापीला हात लावला नाही. तो वाडीत आणि पलीकडच्या धनगरांच्या घरांतून फिरला. ताक मागायचं, पाणी मागायचं, आढ्याकडे बघायचं आणि निघायचं. बायकांना वाटलं, म्हातारा वासे बघतोय. तो झोळ्या मोजत होता. आढ्याला टांगलेल्या लुगड्याच्या झोळ्या, आत तान्ही पोरं. तेवीस निघाल्या. त्या वर्षीची लग्नं सात. झोळीतल्या पोराचं पटावर नाव नसतं, पण सहा वर्षांनी ते शाळेच्या दारात उभं राहतं आणि तेव्हा ते नकाशा मागत नाही, बसायला जागा मागतं.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. नकाशात शाळा पटांगणाच्या मधोमध होती, ती त्यानं पूर्वेकडे सरकवली. विचारलं तेव्हा म्हणाला, "तितं जमीन घट हाय." ती होतीही. पश्चिमेला मोकळी जागा राहिली हे ओघानंच आलं.

पायाचा चर श्रमदानानं खणायचा होता. घरटी एक माणूस कुदळ घेऊन आलं. फुकटच्या कामाला उत्साह असतो तो पहिले तीन दिवस. त्या तीन दिवसांत गेणबानं चर दोन खोल्यांचा संपवून तसाच पुढे नेला, वीस फूट, मग कोपरा वळवून परत जोडून घेतला. कुशाबा पाटील स्वतः कुदळ मारत होते. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"गेणबा, आरं दोनच खोल्या हायेत न्हवं?"

"व्हय."

"मग ह्यो तिसरा चौकोन कशाचा?"

"मानसं तापल्यात पाटील, खनू द्या. उद्या येनार न्हाईत."

हे शंभर टक्के खरं होतं, त्यामुळं पाटील पुन्हा वाकले.

तिसऱ्या चौकोनातही ओढ्यातला दगड पडला, चुन्यात बसला, जमिनीच्या हातभर खाली येऊन थांबला आणि वर माती आली. नवी भिंत जुन्या भिंतीपासून फाटते ती वर नाही, खाली. जुना पाया बसलेला असतो, नवा अजून बसायचा असतो. गेणबाला दोन्ही पाये एकाच वयाचे हवे होते. ओवरसियर पेठेसाहेब महिन्यातून एकदा मालेपर्यंत मोटारीनं आणि पुढं चढ चढून येत. ते आले तोवर त्या जागेवर गवत उगवलं होतं. जमिनीत गेलेला पाया साहेबाच्या वहीत जात नाही.

संशय आला तो एकट्या चाँदभाईला. पौडात त्याची चुन्याची घाणी होती. बैल दगडी चाक फिरवायचा आणि चाँदभाई बैलाला दुनियेच्या गोष्टी सांगायचा. दोन खोल्यांना किती चुना लागतो हे त्याला झोपेत सांगता आलं असतं.

"गेणबा, तीन खोल्यांचा चुना नेलास तू. खातोस का काय?"

"पानाला लागतो," गेणबा म्हणाला.

चाँदभाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. गेणबानं जन्मात पान खाल्लं नव्हतं. चाँदभाईनं बैलाला सांगितलं, "चल रे, अजून एक फिरव. म्हातारा रंगवतोय कायतरी."

सत्तावनच्या फेब्रुवारीत भिंती वळचणीला लागल्या, मंगलोरी कौलं चढली आणि पेठेसाहेब आले. शाळा त्यांना पसंत पडली. पूर्वेकडून आत शिरून ते पश्चिमेच्या अंगानं बाहेर आले आणि थांबले. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कोपऱ्यांवर खालपासून वरपर्यंत दगड बाहेर आलेले होते.

"हे काय आहे?"

"दात."

"भिंतीला?"

"व्हय."

"नकाशात भिंत इथं संपते."

"नकाशा संपतो, साहेब," गेणबा म्हणाला.

पेठे वाईट माणूस नव्हता. त्याला दात म्हणजे काय हे ठाऊक होतं; पुस्तकात त्याचं चित्रही होतं. पण पुस्तकातल्या चित्राखाली मंजुरीचा आकडा असतो. "हे बघा," तो म्हणाला, "अर्धवट सोडलेली इमारत मला पुरी म्हणून लिहिता येत नाही. पंधरा दिवसांनी शेवटची तपासणी. तोवर हे दगड तोडून भिंत सपाट करा. नाहीतर इमारत पास नाही, आणि पास नाही तर शाळेला कुलूप."

पेठे उतरून गेला आणि वाडी गेणबाच्या अंगणात चढली. पुढं कुशाबा पाटील.

"गेणबा, तुझ्या दातांपायी पोरं माझ्या म्हशीसंग बसायची का अजून?"

"तिसरी खोली लागनार हाय, पाटील."

"कवा?"

"धा वर्सांनी."

"धा वर्सांनी कोन हाय, कोन न्हाई! आरं, तुझ्या बानं बी सोडलं हुतं. आला का कोन जोडायला?"

हे बोलायचं नव्हतं, आणि बोलल्यावर पाटलांनाही ते कळलं. त्यांनी पागोटं काढून पुन्हा घातलं आणि निघून गेले. पागोटं आधीही नीटच होतं.

गेणबा पडवीत बसून राहिला. सगुणाबाई जात्यावरून उठून आली. ती कुणाची भीड ठेवायची नाही, नवऱ्याची तर नाहीच.

"सासऱ्यांनी दात सोडलं, त्यावर मासं बसलं," ती म्हणाली. "तुमी सोडलं, त्यावर शेरडं बसतील. लोकांची पोरं भायेर ठिवू नका. तोडा."

"तोडतो."

"तोडतो म्हनता आन छिन्नीला धार लावत न्हाई."

"धार हाय तिला."

"मग हाताला लावा."

तिचं म्हणणं त्याला पटलं होतं. तेच तर दुखत होतं. मालेला दुसरे गवंडी होते, वाडीनं त्यांतलं कुणी बोलावलं असतं. पण ते काम दुसऱ्याच्या हातून झालेलं त्याला बघवलं नसतं. तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत तो रोज शाळेपाशी जाऊन परत येत होता. त्या दिवसापर्यंत एकही दगड तुटला नव्हता.

तपासणीच्या सकाळी तो पेठेसाहेबाच्या आधी जाऊन पोचला. पुढच्या कोपऱ्यावरच्या सगळ्यांत खालच्या दातावर त्यानं छिन्नी टेकवली. मागं कुशाबा पाटील, वाडीतली वीसएक माणसं. चाँदभाईही आला होता, संपलेल्या चुन्याची रिकामी पोती न्यायला. पेठे चढ चढून येताना दिसला आणि गेणबानं हातोडा उचलला.

तेवढ्यात चाँदभाई ओरडला. "आरं थांब! कौल घसरतंय!"

आढ्याजवळचं एक कौल खरोखरच सरकलं होतं आणि त्याच्या पाठचं निघायच्या बेतात होतं. शिडी आणायला वेळ नव्हता. वाडीत शिडी एकच, ती पाटलांच्या घरी. चाँदभाईनं लुंगी खोचली, गेणबाच्या डोक्यावरून पाय टाकला आणि दातांवरून तरातरा चढून छपरावर गेला. एक वीत, एक दगड, एक वीत, एक दगड. कौल बसवून तो तिथंच आढ्यावर उभा राहिला, कारण वरून पौडाकडचा रस्ता चांगला दिसत होता.

पेठे येऊन पोचला. त्याच्या हातात यादी होती, सत्तावीस बाबींची. जोतं : आहे. दारं : आहेत. खिडक्या : आहेत. फळा : आहे. बाब सव्वीस वाचताना तो थबकला. "कौलारू छपरावर दुरुस्तीसाठी चढण्याकरिता कायम स्वरूपाची शिडी, नग एक. शिडी कुठं आहे?"

शिडीची बाब कुणाला माहीतच नव्हती. गेणबा हातोडा घेऊन तसाच वाकलेला. कुशाबा पाटलांनी एकदा यादीकडे बघितलं, एकदा गेणबाकडे, मग मान वर करून आढ्यावर उभ्या असलेल्या चाँदभाईकडे.

"ती काय," पाटील म्हणाले.

"कुठं?"

"त्यो वर गेलाय न्हवं? उडून गेला का साहेब?"

पेठेनं चाँदभाई बघितला. मग कोपऱ्यावरून खाली नजर आणली, दगडामागून दगड, गेणबाच्या छिन्नीपर्यंत. "शिडी लाकडाची असते," तो म्हणाला.

वरून चाँदभाई बोलला. "कायम सरूपाची लिवलंय न्हवं, साहेब? मुळशीच्या पावसात लाकूड किती साल कायम राहील? चार? ह्यो दगुड हाय. तुमची पेन्शन संपंल, ह्यो न्हाई संपायचा."

माणसं हसली. पेठे हसला नाही. त्यानं यादी मिटली आणि गेणबाला चार पावलं बाजूला घेतलं.

"का सोडलेत? खरं सांगा."

या वेळी गेणबानं लगेच उत्तर दिलं. "झोळ्या मोजल्या, साहेब."

"किती?"

"तेवीस. आन लगीन सात."

पेठेनं मनातल्या मनात बेरीज केली असावी, कारण त्याचे ओठ हलले. त्यानं पेन काढलं आणि बाब सव्वीसपुढं लिहिलं : "शिडी, दगडी, कायम स्वरूपाची. नग दोन (एक जादा)." खाली सही केली. यादीची घडी करताना तो छिन्नीकडे बघून म्हणाला, "सरकारी शिडी आहे आता ती. तोडाल तर गुन्हा होईल."

गेणबानं छिन्नी कोपरीच्या खिशात ठेवली. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. एरवी त्याला दोन लागत.

पुढची नऊ-दहा वर्षं शिडीचा वापर झाला, आणि तो मुख्यतः शेरडांनी केला. सगुणाबाईचं भविष्य खरं ठरलं. वाडीतली शेरडं दातांवरून छपरावर चढत आणि आढ्यावर ओळीनं उभी राहून खालच्या वर्गातला पाढा ऐकत. हेडमास्तरांनी कचेरीला पत्र लिहिलं की शिडीवरून जनावरे चढतात. उत्तर आलं की शिडी जनावरांसाठी नाही. हेडमास्तरांनी ते शेरडांना वाचून दाखवलं नाही, पण फाइलला लावलं.

म्हण मात्र वाडीत चालूच होती. गेणबा वैशाखात धरणाच्या गाळात जायचा, तसा आता शाळेपाशीही जायचा, आणि दोन्हीकडे बोटांची पेरं वाजवायचा. दोन्हीकडे चुना धरून होता. दोन्हीकडे कुणी आलं नव्हतं. लोकांनी हसावं याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. बापाची आणि आपली एकच गोष्ट दोनदा सांगितली जाईल, ही त्याची धास्ती होती. शेवटच्या तीन वर्षांत डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग तो पेरं वाजवून झाल्यावर तळवा फिरवायचा, कारण नजरेनं आता दगड आणि फट यांतला फरक धड कळेना.

झोळ्या मात्र वेळेवर रिकाम्या झाल्या. बासष्टला पट बावन्नवर गेला, पासष्टला एकाहत्तरवर, आणि सहासष्टला सत्याऐंशी मुलं दोन खोल्यांत मावेनात. पहिली-दुसरी बाहेर जांभळाखाली भरू लागली. वाडीनं तिसरी खोली मागितली. खोली मंजूर झाली, पण अडली. कशाला? तर शिडीला. पश्चिमेला खोली बांधायची म्हणजे शिड्या जाणार, आणि शिड्या तर सामानाच्या नोंदवहीत. कचेरीनं विचारलं, शिडी सुस्थितीत असता ती मोडण्याचे प्रयोजन काय? हेडमास्तरांनी कळवलं, खोली. कचेरीनं कळवलं, खोलीचा विषय वेगळा, शिडीचा वेगळा. विषय वेगळ्या पत्रानं मांडावा. पाच महिने पत्रं डोंगर चढत-उतरत राहिली. शेवटी वरच्या कुणा अधिकाऱ्याचा एका ओळीचा हुकूम आला : "शिडी न मोडता ती नव्या भिंतीत समाविष्ट करावी." खाली सही होती पेठ्यांची. त्यांची पेन्शन अजून संपायची होती. सुरूही व्हायची होती.

काम घेतलं ते दुसऱ्या गावच्या कंत्राटदारानं. त्यानं गवंडी आणला मुठ्याचा, बहिरू नावाचा, तिशीतला, सिमेंटवर हात बसलेला. कंत्राटदारानं हुकूम वाचला नव्हता. तो बहिरूला म्हणाला, "हे दगड झोडून टाक, सिमेंट मारून भिंत टेकव, आठ दिवसांत वर ने." आणि मोटार गाठायला निघून गेला.

गेणबा जांभळाखाली येऊन बसला होता. हातात काठी, अंगावर घोंगडं. सगुणाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा तिनं कंत्राटदाराचं बोलणं ऐकलं.

"ऐकलं न्हवं? तोडनार हाय त्यो. सांगा त्याला."

"न्हाई."

"आवो, तोंड हाय न्हवं?"

"ज्याला दात बघून कळत न्हाई, त्याला सांगून काय कळंल?"

"लई मान तुमाला!"

"बस गप. बगू."

बघू हे तो म्हणत होता, पण बघण्याचं काम आता सगुणाबाईच करत होती. ती सांगे, तो ऐके. दोन दिवस असे गेले. त्या दोन दिवसांत तो जेवला नाही म्हटलं तरी चालेल, आणि काठीच्या टोकानं पायाखाली एक बऱ्यापैकी खड्डा झाला.

"खनायला लागल्यात," सगुणाबाई म्हणाली.

मजूर चर खणत होते. हातभर खाली कुदळ खणकन वाजली. "खडक लागला," एकजण म्हणाला. थोड्या अंतरावर दुसरी कुदळ वाजली, मग तिसरी. बहिरू चरात उतरला, हातानं माती सारली, मग मजुराच्या हातचं फावडं घेऊन स्वतःच सारू लागला. तो सारत सारत वीस फूट गेला, कोपऱ्यावर वळला आणि पलीकडच्या अंगानं शाळेच्या भिंतीपाशी येऊन उभा राहिला.

"काय करतोय?" गेणबानं विचारलं.

"हुबा हाय. कोपऱ्याकडं बगतोय." सगुणाबाईचा आवाज बदलला. "हात घातला त्यानं. दोन दातांमदी वीत घालून बगतोय. खालच्या... त्याच्या वरच्या... आवो, समद्या मोजतोय त्यो."

बहिरू जांभळाकडे आला. त्याचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते.

"मावशी, ही शाळा कुनी बांधली?"

"ह्येनी," सगुणाबाई म्हणाली. "बसल्यात न्हवं का मुक्यावानी."

बहिरू खाली बसला. "बाबा, पाया तुमी घालून ठिवलाय?"

"व्हय."

"कवाधरनं?"

"धा वर्सं."

"आन सांगितलं न्हाई! चार मानसं लावली मी खनायला."

"तू इचारलं न्हाईस."

बहिरू हसला. मग त्याचं हसू थांबलं. "आन मी न इचारताच ते दगुड झोडलं आसतं तर?"

गेणबानं काठी बाजूला ठेवली. "तर भिंतीची कायबी चूक न्हवती, ती सांगतच हुती," तो म्हणाला. "आता दोरी लाव. पुडच्या कोपऱ्याला खुंटी हाय बग, जोत्याच्या वर, तिसऱ्या थराला."

खुंटी तिथं होती, दहा वर्षांच्या गंजाची. बहिरूनं तिला दोरी बांधली, दुसरं टोक पायाच्या कोपऱ्यावर ताणलं आणि डोळा लावला. मजूर बघत उभे राहिले. दोरी जुन्या भिंतीच्या अंगानं निघाली, दातांच्या टोकांना टेकत टेकत गेली आणि मातीतून निघालेल्या पायावर बरोब्बर उतरली. कुठं पेरभरसुद्धा हटली नाही.

कंत्राटदार चौथ्या दिवशी आला तेव्हा भिंत कमरेला आली होती, दगडाची. "सिमेंट?" तो म्हणाला. "सांध्याला न्हाई लागत," बहिरू म्हणाला. चुना मागवला तो पौडाहून, चाँदभाईकडून. चाँदभाई गाडीबरोबर स्वतः आला, सत्तरीच्या घरात असून. त्यानं नवी भिंत बघितली, जुन्या शिडीची उरलेली वरची टोकं बघितली आणि जांभळाखाली जाऊन बसला.

"पानाला चुना आनलाय," तो म्हणाला.

"ठिव," गेणबा म्हणाला.

भिंत वळचणीला लागली त्या दिवशी बहिरूनं गेणबाला दंडाला धरून पश्चिमेच्या अंगाला नेलं आणि त्याचा तळवा जुन्या भिंतीवर टेकवला. कुशाबा पाटील, आता काठी टेकत चालणारे, मागं उभे होते. वाडीतली बायामाणसं आली होती. त्यांतल्या कितीतरी जणी आढ्याला टांगलेल्या झोळ्यांच्या मालकिणी. गेणबा भिंतीवर हात ठेवून चालू लागला. तो चालत राहिला, हात दगडावरून, दरजेवरून, पुन्हा दगडावरून, आणि एकदम समोर कोपरा आला. तो थांबला. वीस फूट तो नव्या भिंतीवरून चालला होता आणि नवी भिंत कुठं सुरू झाली ते त्याच्या हाताला कळलं नव्हतं. दगडाची भाषा त्या हाताइतकी मुळशीत दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

"बरं हाय," तो म्हणाला.

"नुसतं बरं?" सगुणाबाई म्हणाली.

गेणबानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि लहान मुलाला दाखवावीत तशी तिच्यापुढं धरली. मग स्वतःच लाजला आणि हात घोंगड्यात घातले. कुशाबा पाटलांनी पागोटं काढलं. या वेळी ते लगेच पुन्हा घातलं नाही.

त्या दिवसापासून वाडीत म्हणीचा अर्थ बदलला. आता चाफेवाडीत एखाद्याला वाळंजाचे दात म्हटलं, तर तो माणूस जरा ताठ चालतो.

सदुसष्टच्या अखेरीस शाळेच्या सामानाची तपासणी झाली. नवा कारकून नोंदवही घेऊन इमारतीभोवती तीनदा फिरला आणि त्यानं शेरा लिहिला : "शिडी, दगडी, कायम स्वरूपाची, नग दोन : जागेवर आढळून आल्या नाहीत. नवीन खोलीच्या पश्चिम भिंतीस, नकाशात नसताना, दगड अनियमित बाहेर राहिलेले आहेत. सदर दोन्ही बाबींची जबाबदारी निश्चित करण्यात यावी."

पुढच्या वर्षी, खोलीच्या दुसऱ्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर पाऊस उघडला तो मोजून सहा दिवस. सांध्यातून पाणी आलं नाही.